लेबल यंत्राची दुखणी : नवे घेण्यापूर्वी एवढे करून पाहा

दुकानाच्या गल्ल्यापाशी, शिंप्याच्या कटाईच्या टेबलावर आणि वायरमनच्या पिशवीत गेल्या काही वर्षांत एक छोटे यंत्र येऊन बसले आहे. मुठीत मावणारे, वर बटणे आणि इवलासा पडदा असलेले, नाव टाइप केले की ते चिकटपट्टीवर छापून बाहेर काढणारे. आमचे व्यापारी आणि कारागीर बांधव ते हौसेने घेतात, चार महिने वापरतात आणि अक्षर पुसट येऊ लागले किंवा पट्टी अडकू लागली की खणात टाकून देतात. दुरुस्तीवाल्याकडे नेले तर तो ‘नवेच घ्या’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक यातली बहुतेक दुखणी यंत्राची नसतातच. ती सेलची, पट्टीची आणि धुळीची असतात. दहा मिनिटे आणि चिमूटभर कापूस एवढ्यात ती बरी होतात.

लेबल म्हणजे किरकोळ बाब, असे समजू नये. मसाल्याच्या बरणीवरची तारीख उडाली तर जुना माल कोणता आणि नवा कोणता हे नोकराला कळत नाही. ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या गर्दीत शिलाईच्या गठ्ठ्यावरचे नाव गळून पडले तर गिऱ्हाईक दारात उभे आणि कपडा सापडत नाही. सगळ्यात गंभीर गोष्ट वायरमनची. बोर्डातल्या एमसीबीवरचे लेबल पुसले गेले, कोणी अंदाजाने भलतीच एमसीबी पाडली आणि दुसरा चालू तारेला हात लावून बसला, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी आपल्या हातात कोणत्या जातीचे यंत्र आहे हे ओळखले पाहिजे. जुन्या लोकांना डायमो कंपनीचे चाक फिरवून दाबायचे यंत्र आठवत असेल. ही कंपनी १९५८ साली अमेरिकेत सुरू झाली. त्यात शाई नव्हतीच. रंगीत प्लास्टिकची पट्टी दाबली जाऊन अक्षर उठून पांढरे दिसे. जुन्या कचेऱ्यांतल्या कपाटांवर अशा पट्ट्या अजून शाबूत आहेत. १९८८ साली जपानच्या ब्रदर कंपनीने पी-टच हे विजेरी यंत्र आणले. आमच्या शिंपी बांधवांना ब्रदर हे नाव शिलाई मशीनमुळे ठाऊक आहेच. नागोया शहरात १९०८ साली शिलाई मशीन दुरुस्त करण्यापासूनच या घराण्याच्या धंद्याची सुरुवात झाली.

आज बाजारात मिळणाऱ्या विजेरी यंत्रांच्या मुख्य दोन जाती आहेत. पहिल्या जातीत कॅसेटच्या आत शाईची बारीक रिबन असते. गरम होणारे हेड त्या रिबनवर दाबते आणि अक्षर उमटते. चांगल्या कॅसेटमध्ये अक्षर पारदर्शक पट्टीच्या आतल्या बाजूने उलटे छापले जाते आणि मग खालची चिकट पट्टी त्याला येऊन मिळते. म्हणजे अक्षर दोन थरांच्या मध्ये सुरक्षित राहते. दुसऱ्या जातीत शाई नसते. पट्टीवरच असे रसायन लावलेले असते की उष्णता लागली की काळे पडते. एटीएमची पावती पाकिटात ठेवली की काही महिन्यांत कोरी होते, तीच ही तऱ्हा. ही पट्टी स्वस्त पडते, पण ऊन, गरमी, तेल आणि स्पिरिट यांच्यापुढे टिकत नाही. अत्तराच्या बाटलीवर, तेलाच्या डब्यावर किंवा दुपारचे ऊन येणाऱ्या दर्शनी फळीवर ती लावली आणि अक्षर उडाले, तर दोष यंत्राला देण्यात अर्थ नाही. आपली पट्टी कोणती हे कळत नसेल तर छापलेला एक तुकडा गरम इस्त्रीजवळ धरावा. कोरी जागा काळी पडू लागली तर ती दुसऱ्या जातीची. गठ्ठ्यावर आठ दिवस राहायची चिठ्ठी असेल तर ती चालेल. वर्षभर टिकायचे लेबल असेल, आणि एमसीबीचे असेल तर हमखास, पहिल्या जातीचीच पट्टी घ्यावी.

आधी सेल तपासा

पडदा उजळतो, अक्षरे टाइप होतात, पण छापायचे बटण दाबले की यंत्र बंद पडते किंवा अर्धे अक्षर छापून थांबते. अशी तक्रार असेल तर डोळे मिटून सेल बदलावेत. पडद्याला नावापुरती वीज लागते; खरी वीज लागते ती हेड गरम करायला आणि मोटार फिरवायला. भिंतीच्या घड्याळात घालतो ते स्वस्त साधे सेल इथे कामाचे नाहीत, अल्कलाइनच घालावेत आणि सगळे एकदम बदलावेत. दोन नवे आणि चार जुने अशी काटकसर केली तर नव्यांचाही दम जातो. चार्जिंगचे सेल घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणजे सहा सेलच्या यंत्रात नऊच्या जागी सव्वासात व्होल्टच मिळतात. काही यंत्रांत सेलचा प्रकार निवडायची सोय असते, ती पाहावी.

सेल फुटून आत पांढरी भुकटी जमली असेल तर कापसाच्या बोळ्याला थोडा सिरका लावून पत्र्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. अल्कलाइन सेलचा पाझर खारट जातीचा असतो, सिरक्याने तो मरतो. महिनाभर काम नसेल तर सेल काढूनच ठेवावेत. आणि घरात पडलेला कोणताही अडॅप्टर लावण्याचा मोह टाळावा. व्होल्ट जुळले तरी मधली पिन धन की ऋण हे यंत्रावरच्या खुणेशी जुळलेच पाहिजे. ते चुकले तर मात्र खरोखरच नवे यंत्र घ्यावे लागेल.

अक्षरातून पांढरी रेघ

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. अक्षरांच्या मधून पट्टीच्या लांबीने एक बारीक पांढरी रेघ जाते. हेडवर डोळ्याला जेमतेम दिसतील असे गरम होणारे ठिपके उभ्या ओळीत असतात. त्यातल्या एखाद्यावर चिकट किंवा धूळ बसली की तेवढी जागा छापली जात नाही आणि पट्टी पुढे सरकत असल्याने त्याची लांबलचक रेघ होते. पॉवरलूमच्या तंतूंनी हवा भरलेल्या भिवंडी-मालेगावच्या कारखान्यांत किंवा सुताराच्या वखारीत हे लवकर होणारच.

उपाय सोपा आहे. यंत्र बंद करावे, सेल काढावेत, कॅसेट बाहेर काढावी. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे. मोबाइल दुरुस्तीवाले हेच ‘आयपीए’ म्हणून वापरतात, त्यांच्याकडून छोटी बाटली मिळते. हेडवर हलक्या हाताने वरून खाली पाच-सहा वेळा फिरवावी. शेजारच्या रबरी रोलरलाही तेच करावे, कारण रोलर चिकट झाला की पट्टी घसरते आणि अक्षरे दाटीवाटीने किंवा वाकडी येतात. पाच मिनिटे वाळू देऊन मगच कॅसेट घालावी. टाचणी, ब्लेड किंवा काचपेपर हेडजवळही नेऊ नये. दोनदा साफ करूनही रेघ त्याच जागी राहिली तर तो ठिपका जळाला असे समजावे. त्यानंतरही काम चालवता येते. अक्षराचा आकार किंवा ओळ बदलून पाहावी, पुष्कळदा रेघ अक्षराबाहेर जाते.

पट्टी कोरीच बाहेर आली तर घाबरू नये. बहुधा कॅसेट नीट बसलेली नसते. ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावी आणि झाकण पूर्ण लावावे. रिबन ढिली पडली असेल तर कॅसेटवरच्या बाणाच्या दिशेने पेन्सिलीच्या टोकाने चाक फिरवून ती ताणून घ्यावी. ब्रदरच्या कॅसेटमध्ये शेवटी पट्ट्यापट्ट्यांची टेप बाहेर येते, ती बिघाडाची नव्हे, माल संपल्याची खूण आहे. पट्टी अडकली तर ओढू नये. ओढल्याने रिबन आत गुंडाळली जाते आणि अर्धी भरलेली कॅसेट फुकट जाते. छापून होण्याआधी लेबल खेचण्याची सवय नोकरांना फार असते, तेवढी मोडावी. कटर नीट कापत नसेल तर पात्यावर साचलेला चिकट आधी त्याच अल्कोहोलने पुसावा, धार बहुधा गेलेली नसते.

यंत्र गोठले, कोणतेच बटण चालेना, तर सेल आणि अडॅप्टर काढून काही मिनिटे तसेच ठेवावे. मात्र जपून ठेवलेली लेबले यात पुसली जाऊ शकतात, म्हणून नेहमीच्या नावांची यादी वहीत असावी.

पट्टी फुकट कुठे जाते?

आता पैशाची गोष्ट. हेड आणि कटर यांच्यात अंतर असल्याने पुष्कळ यंत्रे प्रत्येक लेबलापुढे सुमारे अडीच सेंटिमीटर कोरी पट्टी सोडतात. आठ मीटरची कॅसेट घ्या. चार सेंटिमीटरचे लेबल आणि अडीच सेंटिमीटर वाया, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. एका कॅसेटमध्ये १२३ लेबले झाली. ही गळती थांबवली तर २०० च्या आसपास होतात. त्यासाठी यंत्रात समास कमी करण्याची सोय असते आणि ‘चेन’ छपाईही असते. एकामागून एक लेबले छापत जायचे आणि शेवटी एकदाच पट्टी पुढे सरकवून कापायचे. दिवसभरात लागणारी लेबले एकदम सकाळी छापावीत. स्वस्त नकली कॅसेटबद्दल आमचे मत एवढेच की एकदम डझन घेऊ नये. एक घ्यावी, लेबल शटरवर आठ दिवस उन्हात लावून पाहावे, बोटाने घासून पाहावे, मग ठरवावे.

लेबल निघून येत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा खालची जागा तेलकट किंवा ओलसर असते. कोकणच्या पावसाळ्यात तर बाटली कोरडी दिसली तरी दमट असते. स्पिरिटने पुसून, वाळवून, लेबल मधून कडांकडे अंगठ्याने दाबत लावावे आणि काही तास हात लावू नये. बारीक तारेभोवती साधी पट्टी गुंडाळली तर ती उघडतेच. तिथे लवचिक पट्टी घ्यावी किंवा दोन्ही टोके एकमेकांना चिकटवून झेंड्यासारखे लेबल करावे. शिंप्यांसाठी इस्त्रीने कापडावर बसणारी पट्टीही मिळते, शाळेच्या गणवेशावर नाव टाकायला ती उत्तम.

मराठी किंवा उर्दू छापायचे असेल तर बटणांच्या साध्या यंत्रात बहुधा ती सोय नसते. फोनशी जोडणारी यंत्रे घ्यावीत. अशा बऱ्याच यंत्रांत फोनवर दिसेल ते अक्षर चित्रासारखे छापले जाते. घेण्यापूर्वी दुकानातच ‘गरम मसाला’ लिहून छापून पाहावे, जोडाक्षर आणि उर्दूची जोडणी तुटत तर नाही ना हे लगेच कळते.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. उत्पादकाने छापलेल्या कमाल किरकोळ किमतीवर आपले लेबल चिकटवून ती झाकू नये. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे छापील मजकूर बदलण्यासाठी वेगळी चिठ्ठी लावायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. किंमत कमी करायची असेल तर चिठ्ठी लावता येते, पण तीही मूळ छापील किंमत न झाकता.

जुने लेबल काढताना नखाने खरवडू नये. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा अर्धा मिनिट दिली की चिकट मऊ पडतो आणि पट्टी एका कोपऱ्यातून सलग निघते. काचेवर किंवा पत्र्यावर जो चिकट उरतो त्यावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटांनी फडक्याने पुसावे आणि नवे लेबल लावण्यापूर्वी तेलाचा अंश स्पिरिटने काढून टाकावा.