सूर्यप्रकाश आणि पाण्याचे विघटन

या पुस्तिकेसाठी विज्ञानविषयक टिपण मी लिहावे, असे शाळेने सुचविले तेव्हा मला संकोच वाटला. माझे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. परंतु ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनीच याच शाळेत आम्हांला पाण्याचे विद्युत-विघटन दाखविले होते. किंचित आम्ल घातलेल्या पाण्यातून त्यांनी बॅटरीचा प्रवाह सोडला. दोन परीक्षानळ्यांत वायू जमले. एकीत दुसरीच्या दुप्पट. त्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेताच ‘फट्’ असा आवाज झाला. मी म्हणालो, “म्हणजे पाणी हे इंधनच की, सर!” सर म्हणाले, “अरे, पाणी ही हायड्रोजनची राख. राखेचे पुन्हा लाकूड करायचे तर किंमत मोजावी लागते. आज ती बॅटरीने मोजली.”

ही किंमत थेट सूर्याकडून वसूल करता येईल काय? जपानमधील अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचे होकारार्थी उत्तर दिले. पांढऱ्या रंगात वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून त्यांनी पाण्याचे विघटन घडविले. अशा पदार्थावर योग्य प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो आणि मागे रिकामी जागा उरते. इलेक्ट्रॉनामुळे हायड्रोजन सुटतो. रिकामी जागा पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि ऑक्सिजन सुटतो.

अडचणी दोन. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरणच लागतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. दुसरी अडचण अशी की, इलेक्ट्रॉन व रिकामी जागा क्षणार्धात पुन्हा एकत्र येतात आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लोखंडाच्या गंजातील ऑक्साइड दृश्य प्रकाश शोषतो खरा. पण त्यातील रिकामी जागा काही नॅनोमीटरच सरकू शकते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणूनच पदार्थाचे अतिसूक्ष्म कण किंवा काड्या करतात. पृष्ठभाग हाकेच्या अंतरावर आला, तर पुनर्मीलनापूर्वी काम साधते.

आज जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून मिळतो आणि त्यासोबत कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. त्यामुळे या संशोधनाचे मोल मोठे आहे. मात्र आकडे जपून वाचावेत. काझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० साली अतिनील प्रकाशाच्या एका अरुंद पट्ट्यात सुमारे ९६ टक्के प्रकाशकण कामी लावले. त्याच जातीच्या पदार्थाचे १०० चौरस मीटरचे फलक त्यांनी उघड्यावर मांडले, तेव्हा संपूर्ण सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती फार तर ०.७६ टक्के. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांमागचे प्रश्न निराळे आहेत. व्यवहारात उतरण्यासाठी दुसरा आकडा ५ ते १० टक्क्यांवर जावा लागेल, असे अभ्यासक मानतात.

‘पाण्यावर चालणारी मोटार’ अशी बातमी अधूनमधून कानी येते. तेव्हा मला सरांची ती काडी आठवते. येथील मुलांनीही अशा वेळी एवढेच विचारावे : किंमत कोणी मोजली, आणि किती?