नेम बसला, पण कान वाजतोय!

वीकेंडला मॉल नि मूव्हीपलीकडे काहीतरी हटके हवंय? मग शूटिंग ट्राय करायला हरकत नाही. अंजली भागवत, राही सरनोबत, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे... आपल्या मंडळींचं या खेळाशी चांगलंच जमतं. पुण्यात बालेवाडीला रेंजही आहे. फक्त नेमाआधी कानांचं बघा.

समजा, शनिवारी रेंज आणि रविवारी ट्रेक असा प्लॅन आहे. तिकोणा पेठेतून गड चढलात. खाली पवनेचं पाणी, समोर तुंग, हॉर्नचं नाव नाही. अशा शांततेतच जाणवतं, की कानात बारीक 'कुंईंऽऽ' चालू आहे. शहराच्या गोंगाटात ते लपलेलं असतं. रातकिडे समजून सोडून देऊ नका. याला टिनिटस म्हणतात आणि ती कानाला इजा झाल्याची खूण असू शकते.

85 डेसिबल आवाज आठ तास, ही साधारण सुरक्षित मर्यादा. बंदुकीचा बार क्षणभरात 140 ते 170 पर्यंत जातो. डेसिबल दहाने वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, हे लक्षात घ्या! एकाच बाराने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरू शकतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. 'पॉइंट टू टू'चा आवाज फुसका वाटतो, तिथेच लोक फसतात. पिस्तुलातून तोही 140 च्या वर जाऊ शकतो. बंदिस्त रेंजमध्ये भिंतींवरून परतणारा आवाज वेगळाच.

उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्यांचा बहुधा डावा कान आधी बिघडतो. तो नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. सुरुवातीला उंच पट्टीचे आवाज जातात, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. बॉस बोलतोय हे कळतं, पण 'स', 'श' निसटतात. साठ म्हणाला की आठ? डेडलाइनच्या दिवशी विचारून बघा!

उपाय स्वस्तातला आहे. स्पंजचा इअरप्लग बारीक वळा, कान वर-मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत बोटाने धरा. वरून इअरमफ. गाण्यांचे इअरफोन इथे चालत नाहीत. चष्म्याच्या काडीने मफला फट पडते, तेही तपासा. नवशिक्यांनी एअर रायफलपासून सुरुवात केलेली बरी, तिचा आवाज बराच कमी असतो.

आणि बारानंतर कानाला दडा बसला, ऐकू कमी आलं, तर 'उद्या सुटेल' म्हणत थांबू नका. ईएनटीकडे जाऊन ऑडिओग्राम करून घ्या, उपचारासाठी पहिले काही दिवस महत्त्वाचे. हो, आणि मागे उभं राहून तुमचे फोटो काढणाऱ्या मैत्रिणीलाही इअरमफ द्या. आवाज तिच्यापर्यंतही पोचतोच.