पोटभाडेकरू : कायदा आणि प्राप्तिकर

शिक्षकाची बदली परजिल्ह्यात होते. शहरातील भाड्याची जागा सोडवत नाही. एकदा हातची गेली की त्या भाड्यात पुन्हा मिळणार नाही, ही भीती असते. मग ओळखीचे एखादे कुटुंब तेथे ठेवले जाते, दरमहा काही रक्कम घेतली जाते आणि घरमालकाने विचारलेच तर ‘आमचे नातेवाईक आहेत’ असे सांगितले जाते. हा प्रकार इतका रूढ आहे की त्यात काही गैर आहे असे अनेकांना वाटतही नाही. प्रत्यक्षात अशा व्यवहाराने मूळ भाडेकरूचे संरक्षण धोक्यात येते आणि भाडे नियमित भरणाऱ्या पोटभाडेकरूलाही घर गमवावे लागू शकते.

महाराष्ट्रात १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. या अधिनियमाच्या कलम २६ नुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला जागा किंवा तिचा कोणताही भाग पोटभाड्याने देता येत नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद केला म्हणजे हा निर्बंध टळतो, असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. परवान्याने जागा देण्यासही हेच कलम मनाई करते. निर्बंध मोडल्यास कलम १६ अन्वये घरमालकाला जागेचा ताबा मागता येतो.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे, ही गोष्ट ग्रामीण भागातील वाचकांनी लक्षात ठेवावी. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम पाहावा लागतो आणि त्यातील नियम नेमका उलट आहे. करारात मनाई नसेल तर पट्टेदार जागा पोटभाड्याने देऊ शकतो. मात्र मालकाविषयीची त्याची स्वतःची जबाबदारी संपत नाही. शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण अधिनियम लागू नाही. त्यामुळे शासकीय निवासस्थानातील कर्मचाऱ्याने या अधिनियमाच्या संरक्षणावर विसंबू नये.

पोटभाडे कशास म्हणावे, यावरच बहुतेक दावे लढविले जातात. भाचा शिक्षणासाठी येऊन राहिला किंवा पाहुणा महिनाभर मुक्कामाला आला, एवढ्याने पोटभाडेकरू निर्माण होत नाही. भाडेकरूने जागेवरील आपला ताबा सोडून तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला काय, हा खरा प्रश्न असतो. असे व्यवहार गुपचूप होतात, पावती कोणी देत नाही. तेव्हा पैशाची देवघेव सिद्ध कशी करावी? भारत सेल्स विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले की, तिऱ्हाइताचा एकट्याचा ताबा दिसून आला तर मोबदल्याविषयी न्यायालयाला अनुमान काढता येते. ‘नातेवाईक आहेत’ हे उत्तर त्यामुळे फार काळ टिकत नाही.

घरमालकाची लेखी परवानगी असेल तर चित्र पालटते. करारातील मुभेनुसार आलेल्या पोटभाडेकरूला, मूळ भाडेकरूचा हक्क संपुष्टात आल्यावर, कलम २५ अन्वये थेट घरमालकाचा भाडेकरू मानले जाते. घरमालक अशी परवानगी देण्यास का कचरतात, हे यावरून समजावे. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे पोटभाडेकरूच्या बाबतीत मूळ भाडेकरू हाच ‘घरमालक’ ठरतो. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची कलम ५५ ची जबाबदारी त्यामुळे त्याच्यावर येते. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र तो सर्वसाधारणपणे मालक ठरत नाही. खऱ्या मालकाचे भाडे ‘घरापासूनचे उत्पन्न’ या सदरात धरले जाते आणि त्यास तीस टक्के ठोक वजावट मिळते. पोटभाडे ‘इतर साधनांपासूनचे उत्पन्न’ या सदरात येते. तेथे ही वजावट नाही, पण मूळ मालकाला दिलेले भाडे खर्च म्हणून वजा करता येते. समजा, एखाद्याने दरमहा १५,००० रुपये भाड्याचे संपूर्ण घर परवानगीने १८,००० रुपयांस दिले. वर्षाला २,१६,००० रुपये जमा आणि १,८०,००० रुपये खर्च, म्हणजे करपात्र रक्कम ३६,००० रुपये होते. अर्धेच घर दिले असेल तर खर्चही त्या प्रमाणातच धरावा लागतो. भाडेपट्टा १२ वर्षांचा वा अधिक मुदतीचा असेल तर करापुरते पट्टेदारालाच मालक मानले जाते आणि हिशेबाचे सदर बदलते.

विवरणपत्रात उत्पन्न दाखविल्याने विनापरवानगी पोटभाडे कायदेशीर होत नाही, आणि व्यवहार बेकायदा असल्याने कर माफही होत नाही. बदली झालेल्या शिक्षकाने आणखी एक गोष्ट पाहावी. घरभाडे भत्त्यावरील करसवलत प्रत्यक्ष राहत्या घराच्या भाड्यापुरती असते. शहरात दुसऱ्याच्या हवाली केलेल्या जागेची भाडेपावती जोडून ती मागता येत नाही.