गरजूची रेघ

गरजू माणसासाठी कोणता पक्ष बरा, यावर महाराष्ट्रातले मतदार निदान पन्नास वर्षं वाद घालत आले आहेत. पूर्वी हा वाद दुष्काळी काम आणि रेशनचं धान्य यांवरून होई. आता त्यात दवाखान्याचं कार्ड आणि खात्यावर दरमहा पडणारे 1500 रुपये आले आहेत. पुणे–नाशिक महामार्गावरच्या कुरुळीत हा वाद जवळून पाहता येतो. इंद्रायणी ओलांडली की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. चिंबळी, कुरुळी, निघोजे, पुढे चाकणची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात मूळ गाववाले आहेत, त्यांनी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत आणि त्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार राहतात. निराधार म्हातारी गाववाल्यांत असते, तशी पाळी संपवून आलेल्या ठेकेदारी कामगाराच्या खोलीतही असते. पण सरकारच्या लेखी त्या दोघी एकाच रेघेखाली येत नाहीत.

कोणती योजना कोणाची, हा वादातला पहिला मुद्दा. प्रत्येक कार्यकर्त्याकडे याचं तयार उत्तर असतं आणि ते बहुधा अर्धंच खरं असतं. रोजगार हमीचंच पाहा. कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात तिचा आधी प्रयोग झाला आणि 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. कायदा 1977 मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, सर्व पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झाला. तो अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी, तेव्हा राज्यात शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार होतं आणि त्या सरकारात जनता पक्षही होता. पुढे 2005 मध्ये केंद्रातल्या काँग्रेस आघाडीने देशभरासाठी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. श्रेय वाटायला बसलं तर निम्म्या विधानसभेला द्यावं लागेल.

या योजनेच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला. चाकणच्या कुठल्याही कारखान्यातल्या कामगाराची पगारपावती पाहिली, तर कपातींच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधीच्या खाली ‘पीटी’ अशी एक ओळ दिसते. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुष कामगाराचे दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाला 2500 रुपये त्यात जातात. दुष्काळी गावातल्या माणसाला काम मिळावं म्हणून पगारदाराने भरायचा हा कर. आज तो भरणाऱ्यांत बीड-लातूरच्या दुष्काळातूनच इकडे आलेली माणसंही आहेत. फुकटच्या योजना आमच्या पैशांतून चालतात, ही तक्रार मध्यमवर्गाची मानली जाते. पावती मात्र हेल्परच्याही खिशात असते.

बाकीच्या योजनांची वंशावळही अशीच सरमिसळ आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 ची, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची. मोठ्या शस्त्रक्रियांसाठीची जीवनदायी योजना 1997 मध्ये शिवसेना-भाजप युतीने आणली. 2012 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीने ती विम्याच्या रूपात राजीव गांधींच्या नावाने सुरू केली. 2017 मध्ये भाजप-शिवसेनेने तिला महात्मा फुले यांचं नाव दिलं. आणि 2023 मध्ये शिंदे सरकारने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. अंत्योदय शिधापत्रिका डिसेंबर 2000 ची, वाजपेयी सरकारची. माणशी पाच किलो धान्याचा हक्क देणारा अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, मनमोहनसिंग सरकारचा. त्या धान्याचे दोन-तीन रुपये किलोही घेणं बंद झालं ते जानेवारी 2023 पासून, मोदी सरकारच्या काळात. सरकार बदललं की पाटी बदलते, फोटो बदलतो. पण रांगेतली बाई पुष्कळदा तीच असते.

याचा अर्थ सगळे पक्ष सारखे, असा नाही. फरक आहे, पण तो योजनेच्या नावापेक्षा तिच्या पायात शोधावा लागतो. 1995 मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. योजना गाजली, चौकाचौकांत केंद्रं उभी राहिली, सरकार गेलं आणि अनुदानही गेलं. केंद्रांच्या जागी पुढे वडापाव, चायनीजच्या गाड्या दिसू लागल्या. 26 जानेवारी 2020 ला महाविकास आघाडीने दहा रुपयांत शिवभोजन थाळी आणली. सरकार बदलल्यावर ती पूर्ण बंद झाली नाही, पण केंद्रचालक थकीत बिलांसाठी हेलपाटे घालू लागले. 2022 च्या दिवाळीत शिंदे सरकारने शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेलाचा ‘आनंदाचा शिधा’ दिला. 2025 च्या दिवाळीत तो आला नाही. या तिन्ही योजना शासन निर्णयावर चालल्या. रेशनचं धान्य आणि रोजगार हमी यांच्यामागे कायदा उभा राहिला. कायद्याच्या योजनेतही गळती असते, पण धान्य मिळालं नाही तर दाद मागायला कलम असतं. शासन निर्णय मात्र दुसऱ्या शासन निर्णयाने रद्द होतो. गरजूच्या बाजूने पाहिलं तर पक्षाने योजना दिली की हक्क दिला, हा प्रश्न योजनेच्या रकमेइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि प्रचारसभेत तो जवळजवळ कोणी विचारत नाही.

रेघेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी महाराष्ट्रात ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 44 हजारांच्या आत हवं, शहरी कुटुंबाचं 59 हजारांच्या आत. इंद्रायणीच्या अलीकडची मोशी महापालिकेत आहे आणि कुरुळी ग्रामपंचायतीत. दोन्हीकडचे कामगार त्याच कंपन्यांच्या गेटवर उभे राहतात, त्याच बाजारातला भाजीपाला घेतात. तरी नदीच्या अलीकडे रेघ 59 हजारांना आणि पलीकडे 44 हजारांना. 44 हजार म्हणजे महिन्याला 3667 रुपये. ठेकेदाराकडच्या साध्या हेल्परचं कुटुंबही तीन-चार पगारांतच ही रेघ ओलांडतं. म्हणून दाखल्यावर उत्पन्न किती लिहायचं, हा सेतू केंद्रातला नाजूक विषय होऊन बसतो. शिवाय लाभार्थ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली आहे: राज्यासाठी सुमारे सात कोटी, ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के. पुरवठा विभागाच्या भाषेत हा ‘इष्टांक’. इष्टांक भरला की नवं नाव जुनं नाव निघाल्यावरच चढतं. 2011 नंतर चाकण पट्टा किती फुगला, हे महामार्गावरची संध्याकाळची कोंडी सांगते. इष्टांकाला ते ठाऊक नाही.

निराधार योजनेची रेघ आणखी खाली आहे, वर्षाला 21 हजार, महिन्याला 1750 रुपये. याउलट जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा अडीच लाख. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. आता दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहाव्यात. निराधार विधवेला संजय गांधी योजनेतून 1500 रुपये मिळतात. दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 रुपये घेणारी बाई लाडक्या बहिणीला अपात्र, म्हणून तिला हे वेगळे पैसे नाहीत. वर्षाला 20 हजारांत जगणारी विधवा आणि अडीच लाखांच्या घरातली गृहिणी या दोघींच्या खात्यावर सारखीच रक्कम येते. वादात दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. एक बाजू म्हणते, घरातल्या बाईच्या हातात प्रथमच स्वतःचा पैसा आला, तिला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. दुसरी म्हणते, सगळ्यांना सारखं दिलं की सर्वांत खालच्याला कमी पडतं. दोन्ही खरं आहे. पण ज्याला ‘सर्वांत गरजू’ हा निकष लावायचा आहे, त्याने दुसऱ्या मुद्द्याला वजन दिलं पाहिजे.

पैशांची ओढाताण लवकरच दिसली. लाडकी बहीण योजनेचा वर्षाचा खर्च आरंभी 46 हजार कोटी धरला होता. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तरतूद 36 हजार कोटींची झाली. छाननीत सव्वीस लाखांहून अधिक खात्यांचे हप्ते थांबवले गेले. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी महायुतीने 1500 चे 2100 करण्याचं आश्वासन दिलं होतं आणि महाविकास आघाडीने 3000 देण्याचं. म्हणजे दोन्ही आघाड्यांनी रेघ तशीच ठेवून फक्त रक्कम वाढवली. 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला पैसा अशा योजनेत गेला की एका गरजूच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात पडतं.

अशा आश्वासनांना कायद्याने अटकाव आहे का, हेही विचारलं जातं. तमिळनाडूतल्या रंगीत टीव्ही आणि मिक्सरवाटपाच्या प्रकरणात, सुब्रमणियम बालाजी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला की जाहीरनाम्यातलं आश्वासन हा निवडणूक कायद्यातला भ्रष्ट मार्ग ठरत नाही. जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक सूचना मात्र निवडणूक आयोगाने कराव्यात. त्या सूचना आचारसंहितेत आल्या. पैसा कुठून आणणार, याची ढोबळ कल्पना पक्षाने द्यावी असं त्यात आहे, आणि ती बहुतेक वेळा दिली जात नाही. 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली; पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशात त्यांच्या पक्षाने लाडली बहना आणली. कर्नाटकात काँग्रेसने दोन हजारांची गृहलक्ष्मी दिली. दुसऱ्याची ती रेवडी आणि आपलं ते कल्याण, एवढाच फरक उरला.

गावपातळीवर पक्ष वेगळ्याच रूपात भेटतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. पॅनल असतात, भावकी असते, आणि एकाच पक्षाची माणसं समोरासमोरच्या पॅनलमध्ये असतात. तरी योजनेच्या वाटेवर पक्ष आडवा येतोच. निराधार योजनेच्या अर्जांवर विचार करणाऱ्या तालुका समितीचा अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमला जातो आणि तहसीलदार सदस्य सचिव असतो. कुरुळीच्या म्हातारीला त्यासाठी चाकण ओलांडून राजगुरुनगरला जावं लागतं. पिशवीत आधार कार्ड, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स. एक कागद राहिला की परत. अशा वेळी जो कार्यकर्ता तिला गाडीवर बसवून नेतो, टेबलावरच्या माणसाशी दोन शब्द बोलतो आणि जेवणाआधी घरी सोडतो, त्याचाच पक्ष तिच्यासाठी गरिबांचा पक्ष. जाहीरनाम्यापेक्षा हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे, आणि अधिक धोक्याचंही; कारण कागद सोपा झाला तर त्या कार्यकर्त्याचं काम संपतं.

2024 चे निकाल या वादाला सोपं उत्तर देत नाहीत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत महायुतीला राज्यात प्रचंड बहुमत मिळालं आणि श्रेय लाडक्या बहिणीला दिलं गेलं. कुरुळी ज्या खेड-आळंदी मतदारसंघात येते, तिथे मात्र महाविकास आघाडीतल्या ठाकरे गटाचे बाबाजी काळे निवडून आले आणि महायुतीचे तेव्हाचे आमदार दिलीप मोहिते पराभूत झाले. शिरूर लोकसभेच्या सहा मतदारसंघांपैकी आघाडीला मिळालेला हा एकच. 1500 रुपये इथल्या बायकांच्या खात्यावरही आले होते. त्यांनी पैसे घेतले आणि मत वेगळ्या हिशोबाने दिलं, एवढं तरी यातून दिसतं. मतदार विकला जातो, असं म्हणणाऱ्यांनी हा मतदारसंघ एकदा पाहावा.

या सगळ्या वादात ज्याचा आवाज सर्वांत कमी, तो भाडेकरू. त्याचं नाव गावाकडच्या यादीत असतं. मतदानाला सुट्टी मिळाली तरी परभणी किंवा बलियाचा प्रवास एका दिवसात होत नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं. अंगठा यंत्रावर उमटला की धान्य मिळतं. निराधार योजनेला मात्र राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. म्हणजे पोट सोबत आलं, बाकीचे हक्क मागे राहिले. ज्याचं मत इथे नाही, त्याच्या खोलीपुढच्या तुंबलेल्या गटाराची दखल घेण्याची निकड कोणत्याच पॅनलला वाटत नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात काही पैसा असतो. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. कारखाने आणि गोदामांची घरपट्टी येणाऱ्या गावांत ही रक्कम किरकोळ नसते, आणि तिचा हिशोब ग्रामसभेत मागता येतो. तिथे बोलण्यासाठी मात्र गावच्या मतदार यादीत नाव लागतं. ते नाव लावायला घरमालकाची परवानगी लागते, असा समज खोल्यांतून पक्का बसलेला आहे. कायद्यात तशी अट नाही. माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथला तो मतदार. त्यासाठी नमुना 6 भरायचा. पत्त्याचा कागद नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने खोलीवर येऊन खात्री करायची असते. वयाची 18 वर्षं मोजण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. अर्ज फुकट आहे.