आईच्या टाचेची जखम : सेवा एकट्या सुनेची नव्हे, सर्वांची

वस्तीत काम करताना ज्येष्ठांच्या घरी गेलो की आम्ही एक सवय लावून घेतली आहे. तब्येत कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, हे विचारून झाले की त्यांची परवानगी घेऊन पायावरची चादर बाजूला करतो आणि दोन्ही टाचा पाहतो.

ही सवय आम्हाला एका घराने लावली. त्या घरातली आई पंच्याहत्तरीच्या पुढची, लकव्याने एक बाजू गेलेली, त्यात जुनी शुगर. मुलगा चळवळीतला धडपड्या कार्यकर्ता. जयंतीपासून मोर्चापर्यंत सगळीकडे पुढे. आईचे सगळे सून करायची, धुणीभांड्याची चार घरे सांभाळून. एक दिवस खोलीत वास येऊ लागला म्हणून पायातला मोजा काढला, तर टाचेला रुपयाएवढा काळा डाग आणि कडेने पू. "आई कधी बोललीच नाही," मुलगा म्हणाला. ते खरेच होते. तिला दुखतच नव्हते.

असे प्रसंग आपल्या अनेक घरांत आहेत. म्हणून ही जखम का होते, ती कशी टाळायची आणि झालीच तर काय करायचे, हे कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे.

जखम होते कशी?

टाचेला मांस फार कमी. कातडीखाली लगेच हाड. माणूस तासन्‌तास उताणा पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि ती आतून मरू लागते. आपण झोपेतही कूस बदलतो, पाय हलवतो, म्हणून आपल्याला असे होत नाही. लकवा झालेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या किंवा सांधे आखडलेल्या माणसाला ते जमत नाही. टाचेप्रमाणेच घोट्याची बाहेरची बाजू आणि बोटांच्या कडा याही धोक्याच्या जागा.

शुगर जुनी असेल तर पायाच्या नसा बधिर होतात. दुखणे हा शरीराचा इशारा असतो, तोच बंद पडतो. म्हणून 'आई काही बोलत नाही' याचा अर्थ 'आईला काही झाले नाही' असा होत नाही. आणि 'म्हातारपण आहे, व्हायचेच' हे म्हणणेही चूक. कारण माहीत असलेले दुखणे बऱ्याच वेळा टाळता येते.

रोज पाय पाहा

सकाळी उजेडात दोन्ही पाय पाहा. टाचेच्या मागे मोबाईलची बॅटरी लावा किंवा खाली आरसा धरा. बोटांच्या बेचक्याही पाहा. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडा. ती क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर दाब काढल्यावर ती बहुधा सुधारते. फिकीच पडली नाही तर जखम सुरू झाली, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे दुसऱ्या पायाशी तुलना करा. जागा जास्त काळी किंवा जांभळट, गरम, कडक किंवा पिलपिली लागते का, ते हाताने तपासा. या टप्प्यावर लक्ष दिले तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

आधी दाब काढा

मलमापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे टाच गादीवरून उचलणे. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवा, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. टाच अधांतरी हवी, तिच्याखालून कागद सहज सरकला पाहिजे. उशी नसेल तर जुन्या साड्यांची जाड घडी चालते. उशी टाचेखाली ठेवू नका, त्याने दाब तसाच राहतो.

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. वेळापत्रक भिंतीवर लावा आणि कोणाची पाळी कधी तेही त्यावर लिहा. वर सरकवताना ओढू नका, घासून कातडी सोलते. दोघांनी चादरीच्या घडीवर उचलून सरकवा. खुर्चीत बसवले तरी टाच कडक फळीवर टेकलेली राहू नये.

टाचेखाली रबरी रिंग किंवा पाणी भरलेले हातमोजे ठेवू नका. लाल झालेल्या जागेवर तेल चोळू नका, आतली इजा वाढते. हवेची गादी उपयोगाची आहे, पण ती असली तरी टाच उचलूनच ठेवावी लागते.

जखम झालीच तर

पहिले काम डॉक्टरांना दाखवणे. पायाची जखम दाबामुळे, शुगरमुळे किंवा पायाला रक्त कमी पोचल्यामुळे होते, आणि तिन्हींचे उपचार वेगळे. रक्त कमी पोचणाऱ्या पायावर घट्ट पट्टी बांधली तर पायच धोक्यात येतो. पायाची नाडी डॉक्टरच तपासतील.

घरचे ड्रेसिंग त्यांनी दाखवले तसेच करा. आधी साबणाने हात धुवा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाईनच्या पाण्याने जखम हळुवार धुवा, स्वच्छ गॉझ ठेवा, सैल बांधा. पट्टी ओली झाली किंवा घाण झाली की बदला. हळद, चुना, टूथपेस्ट, पावडर, स्पिरिट यांतले काही जखमेत घालू नका. जखम उघडी ठेवून वाळवायची, हा समजही चुकीचा. मात्र टाचेवर कोरडी, घट्ट काळी खपली असेल तर ती नखाने काढू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेले कळत नाही. पाय बादलीत भिजत ठेवू नका. धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. वस्तीत उंदीर असतील तर रात्री मच्छरदाणी गादीखाली खोचा. बधिर पाय उंदराने कुरतडला तरी माणसाला जाग येत नाही.

जखम भरायला पोटात अन्न लागते. अंडे, डाळ, मासे, दूध, शेंगदाणे यांतले परवडेल ते रोज द्या. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगर ताब्यात हवी. तंबाखू आणि मिश्री सुटली तर उत्तमच.

पुढीलपैकी काही दिसले तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा :
- ताप, थंडी वाजणे किंवा अचानक बरळणे
- जखमेभोवती लाली, सूज वाढत जाणे
- पू किंवा घाण वास
- बोट किंवा पाय काळा, निळा, गार पडणे
- जखमेच्या तळाशी हाड दिसणे

सरकारी आधार कुठे?

आशाताईंना घरी बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव सांगा. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट देण्याची तरतूद आहे. ती मागावी लागते, म्हणून मागा. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हे संरक्षण मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरचे आहे. दर दोन तासांनी कूस बदलायला कोणतीही योजना येणार नाही.

ही सेवा कोणाची?

आमचा खरा मुद्दा इथे आहे. आपल्या घरांत हे काम गृहीत धरून सुनेवर किंवा मुलीवर टाकले जाते. समतेच्या गोष्टी मंचावर आणि रात्री दोन वाजता उठणे तिच्या वाट्याला, हे आपल्याला शोभत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स या भिक्खूची कथा आहे. अंगभर फोड फुटून वास येऊ लागला, तेव्हा सोबत्यांनी त्याला टाकून दिले. भगवान बुद्धांनी स्वतः पाणी तापवले, त्याला आंघोळ घातली, त्याची चीवरे धुवून वाळवून घेतली. ते पाहून बाकीचे भिक्खू मदतीला आले. आणि आपल्या जवळचा इतिहास पाहा. नानकचंद रत्तू दिवसा सरकारी नोकरी करायचे आणि नंतर बाबासाहेबांच्या घरी येऊन टंकलेखन करायचे. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री बाबासाहेबांचे पाय चेपणारे हात त्यांचेच होते. सेवा हे बायकांचे काम, असा कोणताही धडा आपल्या परंपरेत नाही.

म्हणून प्रत्येक विहारात एक साधी वही ठेवावी, असे आम्ही सुचवतो. परिसरात अंथरुणाला खिळलेले कोण आहेत, घरी कोण सांभाळते, त्या व्यक्तीला सुटी कधी मिळते, एवढेच त्यात लिहा. दोन-दोन तरुणांनी एकेक घर वाटून घ्यावे, आठवड्यातून दोनदा जावे, टाचा पाहाव्यात, उचलायला हात लावावा, सांभाळणाऱ्या बाईला दोन तास मोकळे करावे. नर्स असलेल्या एखाद्या भगिनीकडून ड्रेसिंग शिकून घ्यावे. जखमेचा फोटो काढायचा असेल तर रुग्णाला विचारून आणि फक्त डॉक्टरांसाठी. तो ग्रुपवर टाकायचा नाही.

त्या आईची जखम भरायला पाच महिने लागले. आता मुलगा कार्यक्रमाला निघण्याआधी आईचे पाय पाहतो, उशी नीट करतो आणि रात्रीची एक पाळी त्याची असते. परवा आम्ही गेलो तेव्हा आईच म्हणाली, "आधी टाच बघा, मग चहा घ्या."

जय भीम!