भा. रा. तांबे : नाट्यगीत आणि आपली मराठी

अन्नपूर्णा परिसरातील या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी भास्कर रामचंद्र तांबे यांचा विषय हेतुपुरस्सर निवडला. या कवीचा जन्म महाराष्ट्रातला नव्हे आणि त्याच्या आयुष्याचा बहुतेक भागही महाराष्ट्राबाहेरच गेला. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली येथे जन्म. झाशी व देवास येथे शिक्षण. देवासच्या युवराजांचे अध्यापन, पुढे संस्थानी नोकऱ्या. १९३७ मध्ये ग्वाल्हेरचे राजकवी. ७ डिसेंबर १९४१ रोजी निधन. भोवती हिंदीचा व्यवहार असताना मराठी कविता येथे कशी बहरली, याचे उत्तर मला त्यांच्या रचनेतच सापडते.

तांब्यांची कविता गाण्यासाठी जन्मली. त्यांच्या संग्रहात अनेक कवितांबरोबर राग किंवा चाल दिलेली असते आणि लेखनाचे ठिकाणही : अजमेर, प्रतापगड, लष्कर-ग्वाल्हेर. ही नावे वाचताना मराठी भाषेचा एक निराळाच नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांचा पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा कवीची चाळिशी उलटून गेली होती. समग्र कविता माधव जूलियन यांच्या संपादनाखाली १९३५ मध्ये आली.

त्यांची मोठी देणगी म्हणजे नाट्यगीत. विद्यार्थ्यांनी संगीत नाटकातील पदाशी त्याची गल्लत करू नये. नाटकातील पदाला मागेपुढे प्रसंग असतो, रंगभूमी असते. तांब्यांचे नाट्यगीत स्वतःच प्रसंग असते. त्यातील ‘मी’ हा कवी नसून एखादे पात्र असते. ते कोणाशी तरी बोलते. समोरच्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नाहीत, परंतु बोलणाऱ्याच्या उद्गारांवरून त्याची हालचाल, त्याचा भाव, दोघांतील नाते हे सारे उमगत जाते. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या नाट्यात्म कवितेचा संस्कार तांब्यांवर झाला होता. त्याला त्यांनी भारतीय संगीताची जोड दिली. प्रियकराच्या एकटक पाहण्याने संकोचलेली युवती त्यांच्या गीतात स्वतःच बोलते. विधवेच्या मनातील वादळ कवी दुरून वर्णन करीत नाही, तिलाच बोलू देतो. ज्या काळी अशा स्त्रीच्या मनाला घरातही वाचा नव्हती, त्या काळी हे लहान धाडस नव्हते.

पुढे वसंत प्रभू यांनी त्यांच्या काही कवितांना चाली लावल्या आणि लता मंगेशकरांनी त्या गायिल्या. १९२९ साली याच इंदूर नगरीत जन्मलेल्या कंठातून मध्य भारतातील कवीचे शब्द घरोघरी पोहोचले. पुस्तक न उघडलेल्या माणसालाही तांबे पाठ असतात, ते यामुळे.

या नगरीने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरवली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु संमेलनाचा मांडव उतरतो. भाषा टिकायची असते ती घरात. आज आपल्या कित्येक घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. त्याला मराठी कळते, लिपीही परकी नाही, कारण हिंदीची लिपी तीच आहे. अडते ते जिभेवर. चूक होईल, कोणी हसेल, या भीतीने तो गप्प राहतो.

अशा मुलाला व्याकरणाआधी एखादे नाट्यगीत द्यावे, असे मला मनापासून वाटते. पात्राच्या तोंडचे शब्द बोलताना संकोच गळून पडतो, कारण ‘मी’ तेव्हा दुसराच कोणी असतो. चालीमुळे शब्द स्मरणात राहतात, प्रसंगामुळे त्यांचा अर्थ कळतो. शाळेने दरवर्षी प्रत्येक वर्गाकडून एक नाट्यगीत साभिनय करवून घ्यावे. उसन्या ‘मी’च्या तोंडून बोललेली मराठी हळूहळू त्या मुलाची स्वतःची होईल, आणि आजीच्या प्रश्नाला कधीतरी मराठीत उत्तर मिळेल.