सीएला निघालेला डबा

पहाटे ४.१०
पोलीस ठाण्याच्या आवारात एकच ट्यूबलाईट चालू आहे. मुद्देमाल कारकून खोलीचं कुलूप काढतो. हवालदार आधीच येऊन उभे. वर्दी कडक इस्त्रीची, पायात मात्र काळे खेळाचे बूट. "चामड्याच्या बुटांत मुंबई होत नाही," म्हणतात. नोकरी सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं सीएच्या फेऱ्या यांच्याच गळ्यात. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. पाटीवर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा लिहिलंय, पण पोलिसांच्या तोंडी अजून सीएच.

सात नग मोजले जातात. पाच खाकी पाकिटं, दोन रक्ताच्या बाटल्या. गुन्हा कलम ६४ चा, बलात्काराचा. फिर्यादीचं नाव ते घेत नाहीत, मी विचारत नाही.

४.२५
पाकिटं कागदाचीच. आतले कपडे आधी सावलीत वाळवलेले. प्लास्टिकात ओल धरते, ओलीत जंतू वाढतात आणि डीएनए नासतो. प्रत्येक पाकिटाला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. काल संध्याकाळी हे काम मी शेजारी बसून पाहिलं. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, थेंब गाठीवर पाडायचा, पितळी सील पाण्यात बुडवून झटकन दाबायचं. सील कोरडं असेल तर लाख त्यालाच चिकटून वर येते आणि ठसा बिघडतो. घाई केली तर बोट भाजतं. हवालदारांच्या अंगठ्यावर तसे दोन जुने डाग आहेत.

पाकिटं कापडी पिशवीत जातात, मधे मधे जुनी वर्तमानपत्रं. लाख गर्दीत तडकते. तडकलेलं सील घेऊन काउंटरवर उभं राहायची वेळ त्यांच्यावर एकदाच आली. ती पुन्हा येऊ नये म्हणून ही वर्तमानपत्रं.

४.४०
बाटल्या जांभळ्या झाकणाच्या. आत ईडीटीए असतं, त्यानं रक्त गोठत नाही. रक्त थंड हवं, पण त्याचा बर्फ व्हायला नको. म्हणून बाटलीला कापूस, कापसावर पिशवी, मग थर्मोकोलचा डबा, मग बर्फ. बर्फ काल मासळीवालीकडून घेतला, वीस रुपये. तिनं पावती कशी द्यायची? म्हणजे हे वीस रुपये यांचेच.

रजिस्टरवर सही होते. कोणाच्या ताब्यातून, कोणाच्या ताब्यात, किती वाजता. ४.४४. हवालदार खिशातल्या छोट्या डायरीतही तीच वेळ लिहितात.

५.१५
एसटी निघते. पिशवी मांडीवर, डबा दोन पायांच्या मधे. कंडक्टर ओळखीचा. "हवालदार, वर ठेवा की सामान." "नको मास्तर, राहू दे."

का नको, ते मला नंतर सांगतात. प्रयोगशाळेचा अहवाल बहुतेक वेळा कागदावरच पुराव्यात वाचला जातो, तो करणाऱ्याला दर वेळी बोलावत नाहीत. डबा नेणाऱ्याला मात्र समन्स हमखास. मग वकील विचारतो: बस कुठे थांबली? तुम्ही लघवीला उतरलात का? तेव्हा पिशवी कोणाकडे होती? झोप लागली होती का? एका खटल्यात पाऊण तास उभे होते. यंत्राबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे पिशवीबद्दल.

६.४०
कल्याण. स्टेशनावर चहा, उभ्यानंच. डबा खाली ठेवत नाहीत. चहाचा ग्लास उजव्या हातात, डबा डाव्या.

काल दुपारी ३.४० ला ग्रामीण रुग्णालयात आरोपीचं रक्त काढलं. हिशेब तिथून सुरू होतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या एका खून-बलात्काराच्या खटल्यात निकाल दिला. आरोपी सुटला, आणि सगळ्या देशाला बंधन आलं: डीएनएचा नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. उशीर झाला तर कारण केस डायरीत लिहायचं. नमुना कोणाकोणाच्या हातातून गेला त्याचं रजिस्टर पार निकालापर्यंत ठेवायचं. त्याआधी २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले तिघं सुटले. तिथे डीएनएचा अहवाल आरोपींविरुद्ध होता. पण नमुने दहा-अकरा दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते, आणि त्या दिवसांत कोणी हात लावला नाही याची खात्री कोर्टाला देता आली नाही.

"पूर्वी आम्ही चार केसेस जमल्या की एकदम जायचो," हवालदार म्हणतात. "आता रोज निघालो तरी कमीच."

८.०५
कुर्ला. लोकलमध्ये डबा पोटाशी धरून दाराजवळ उभे होते. वर्दी बघून दोन माणसं सरकली, तिसरं नाही. स्टेशनबाहेर रिक्षा, कलिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत ५८ रुपये. टी.ए. बिलात रिक्षा बसत नाही. बस बसते, पण बसमध्ये लाख बसत नाही. हा त्यांचाच विनोद, बहुधा दर फेरीला सांगत असावेत.

८.४०
फाटकाशी आधीच नऊ-दहा जण. कोणी रायगडचा, कोणी पालघरचा. सगळ्यांच्या हातात तशीच पिशवी, पिशवीवर सुतळी. एकाच्या पिशवीत विळा असावा, टोक जाणवतं. वडापाव वीस रुपये. बर्फ निम्मा वितळलाय. पलीकडच्या रसवाल्याकडून मूठभर घेतात, तो पैसे घेत नाही.

वाट बघताना मला लेस्टरकडचा एक मुलगा आठवतो. १९८४ मध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी इंग्लंडमध्ये डीएनएवरून माणूस ओळखायची ही पद्धत शोधली. दोनच वर्षांनी पोलिसांनी त्यांच्याकडे दोन खुनांचं प्रकरण नेलं. सतरा वर्षांच्या मुलानं त्यातल्या एका खुनाची कबुली दिलेली. तपासणीत तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार पुढे, गावोगावच्या पुरुषांचं रक्त तपासण्याच्या मोहिमेनंतर, हाती लागला आणि १९८८ मध्ये शिक्षा झाली. म्हणजे या विद्येनं पोलीस खटल्यात पहिलं काम केलं ते एकाला सोडवण्याचं. डब्यातल्या दोन बाटल्यांपैकी एक आरोपीची आहे. ती काय बोलेल, ते हवालदारांनाही ठाऊक नाही.

१०.५०
नंबर लागतो. काउंटरवरच्या मॅडम पत्रावरचं नमुना सील आणि पाकिटावरचं सील शेजारी धरून बघतात. एकेक लेबल, पंचांच्या सह्या, गुन्हा रजिस्टर नंबर. पाच पाकिटं ठीक. पहिली बाटली ठीक. दुसऱ्या बाटलीचा ओळख फॉर्म त्या दिव्याखाली धरतात.

"हवालदार, फोटोवर डॉक्टरांचा शिक्का नाही."

"आहे ना मॅडम, हा काय."

"हा बाजूला आहे. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. उद्या कोणी म्हणालं फोटो नंतर चिकटवला, तर?"

ते वाद घालत नाहीत. डायरीत वेळ लिहितात. सहा नग शेरा मारून जमा, पोच मिळते. सातवा परत. आरोपीचा.

११.३०
चहाच्या टपरीवर एक तरुण विश्लेषक भेटतो. आत जायला आम्हाला परवानगी नाही, तेव्हा जे कळतं ते याच्याकडून. कपड्यावरचा डाग आधी रसायनानं तपासतात. गुलाबी रंग आला तर रक्त असू शकतं. मग इवलासा तुकडा कापतात, ५६ अंशांच्या उबेत एन्झाइममध्ये ठेवतात, पेशी फुटतात, डीएनए सुटतो. एका पेशीत तो साधारण सहा पिकोग्रॅम. त्याच्या प्रती काढायच्या: तापवायचं, निववायचं, दर फेरीला दुप्पट. अठ्ठावीस फेऱ्यांत कागदावर एकाचे सव्वीस कोटींवर होतात.

"मग आम्ही मोजतो," तो बिस्किट बुडवत म्हणतो. डीएनएत काही जागी चारेक अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा, ते माणसागणिक वेगळं. एका जागी कोणाचे १५ आणि १७, एक आकडा आईकडून, एक वडिलांकडून. एका जागी हे शेकडो लोकांचं जुळेल. वीस जागी सगळं जुळणारे दोघं म्हणजे जवळपास एकसारखे जुळे भाऊच.

"पण जुळवायला समोर दुसरा नमुना लागतो." तो डब्याकडे बघतो. "हा नसेल तर कपड्यावरचे आकडे नुसते आकडे."

१२.१५
परतीची वाट. हवालदार पहिल्यांदा फोन लावतात. ठाणे अंमलदार चिडतो. "साहेब, ओरडून शिक्का सरकत नाही," हे ते फोन ठेवल्यावर म्हणतात.

संध्याकाळी ५.५०
ग्रामीण रुग्णालय. ओपीडी संपलेली. डॉक्टर बाळंतपणात अडकलेत, थांबावं लागतं. पाऊण तासानं येतात, हात पुसत. फॉर्म बघतात, शिक्का घेतात, फोटोच्या कडेवर नीट दाबतात. पेन उचलून कालची तारीख टाकायला लागतात.

"डॉक्टरसाहेब, आजची टाका."

"अहो, रक्त काल घेतलं ना?"

"रक्त काल. शिक्का आज. आजचीच टाका, वेळ पण टाका. आणि उशीर का झाला त्याचं दोन ओळींचं पत्र द्या."

डॉक्टर क्षणभर बघतात. मग लिहितात. ६.४२.

रात्री ८.३०
बाटली ठाण्याच्या फ्रीजमध्ये, फ्रीजला कुलूप, किल्ली कारकुनाकडे, रजिस्टरवर सही. दिवसाचा खर्च डायरीत लिहितात: बर्फ वीस, रिक्षा अठ्ठावन्न, वडापाव वीस, चहा तीनदा. मार्चमधल्या दोन फेऱ्यांचं बिल अजून आलेलं नाही, त्याच्याखालीच आजची ओळ.

मासळीवाली गाडा आवरत असते. "दादा, उद्या पण?"

"उद्या पण. थोडा जास्त दे."

९.४०
घरी. बूट दाराशी, सुकायला. "अहो, जेवून घ्या आधी," आतून आवाज येतो. हवालदार मोबाईलवर गजर लावतात. ३.३०. उद्या दुपारी ३.४० च्या आत कलिना.